चाकणच्या कंपनीत मुलाखत: हातात व्हर्निअर दिला तर काय कराल?

नमस्कार मंडळी.

आयटीआयला फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालाय, नाहीतर मेकॅनिकलचा डिप्लोमा. आता चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, कुठूनतरी मुलाखतीचं बोलावणं आलंय. आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी. आयटीवाल्यांच्या मुलाखतीचे व्हिडिओ ढिगानं पडलेत. तेच पाठ करून पोरं शॉपफ्लोअरच्या मुलाखतीला येतात आणि "माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क" म्हणून मोकळी होतात. समोरचा प्रॉडक्शनचा माणूस जेवणाच्या सुट्टीआधी रांग संपवायच्या मागे असतो. त्याला एवढंच हवं असतं: या पोराचा हात खरंच मशीनला लागलाय का?

म्हणून "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर वडिलांचं नाव, गाव, छंद यांत वेळ घालवू नका. ते फॉर्मवर आहे. असं बोला: "सर, मी टर्नर ट्रेड केलाय. लेथवर फेसिंग, स्टेप टर्निंग, थ्रेडिंग केलंय. टेपर एकदोनदाच केलाय, त्यात हात बसायचाय." संपलं. आणि हे शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवा. काय येत नाही हे जो आपणहून सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. शिवाय तुम्ही जे नाव घेतलंत त्यावरच पुढचा प्रश्न येणार. थ्रेडिंग, म्हणजे आटे पाडणं, म्हणालात की पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, विचारणार. म्हणजे पेपर तुम्हीच काढताय, हे लक्षात घ्या.

आता खरी गंमत. (टेबलावरचा व्हर्निअर उचलून) हा व्हर्निअर, जाडी-व्यास मोजायचं सरकतं साधन. बऱ्याच ठिकाणी बोलता बोलता हे हातात देतात, सोबत एक छोटा जॉब, म्हणजे मशीनवर केलेला तुकडा, आणि म्हणतात, "व्यास सांग." पोरगं घाईनं जॉब जॉमध्ये, म्हणजे व्हर्निअरच्या जबड्यात, धरतं. थांबा. आधी जॉ पुसा, बंद करा, वरच्या मेन स्केलचं आणि खालच्या सरकत्या व्हर्निअर स्केलचं, अशी दोन्ही शून्यं जुळतात का बघा. नसतील जुळत तर तसं सांगा: "सर, याला झिरो एरर आहे." हे करणारा पोरगा दिसला की समोरचा माणूस मान वर करून बघतो. तोवर तो मोबाइलमध्ये असतो, हेही खरं.

मग रीडिंग. समजा, व्हर्निअरच्या शून्याच्या लगेच डावीकडं मेन स्केलवर २४ ची रेघ आहे. खालच्या स्केलवर ३ लिहिलंय त्याच्या पुढची दुसरी रेघ, म्हणजे सतरावी, वरच्या रेघेशी तंतोतंत जुळली. लीस्ट काउंट, म्हणजे साधनाला मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२. सतरा गुणिले ०.०२, झाले ०.३४. उत्तर २४.३४ मिलिमीटर. इथं पुष्कळजण २४.१७ सांगतात. लीस्ट काउंट पाठ असतो, गुणायचं राहतं. आणि "मिलिमीटर" तोंडानं म्हणा. नुसता आकडा सांगितला की "काय? किलो?" असा टोमणा ठरलेला.

पुढचा प्रश्न बहुधा असा येतो: "ड्रॉइंगवर २५, प्लस मायनस ०.०५ आहे. काय घेशील, व्हर्निअर की मायक्रोमीटर?" इथं विचार मोठ्यानं करा. जॉब २४.९५ ते २५.०५ मध्ये हवा, म्हणजे एकूण टॉलरन्स, चालणारा फरक, ०.१०. साधनाचा लीस्ट काउंट त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा असावा, असा शॉपफ्लोअरवरचा ठोकताळा आहे. म्हणजे ०.०१. व्हर्निअरचा ०.०२, मायक्रोमीटरचा ०.०१. म्हणून मायक्रोमीटर. उत्तर एका शब्दाचं असलं तरी हिशोब ऐकवा. मार्क हिशोबाला असतात.

आणि एक माझा आवडता प्रश्न. "शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, मोजताना एक पीस मोठा निघाला. काय करशील?" "सुपरवायझरला सांगेन" हे अर्धं उत्तर आहे. पूर्ण असं: मशीन थांबवेन, तो पीस खूण करून वेगळ्या लाल ट्रेमध्ये ठेवेन, चांगल्या मालात मिसळू देणार नाही, सुपरवायझरला सांगेन, आणि शेवटचा ओके पीस सापडेपर्यंत मागचे पीस मोजत जाईन. त्यावर लगेच विचारतील, "हा स्क्रॅप का?" नाही. शाफ्ट मोठा असेल तर अजून कापता येतो, म्हणजे रिवर्क. लहान झाला तर स्क्रॅप. बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, बाबतीत बरोब्बर उलटं. घरी दोनचार वेळा बोलून बघा, ऐनवेळी जीभ अडखळते.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. ऑपरेटर, ट्रेनीच्या मुलाखती बहुतेक मराठीत किंवा हिंदीत होतात. वर्ष गेलं असेल, एटीकेटी असेल, मधे शेती केली असेल, तर विचारल्यावर सरळ एका वाक्यात सांगा. लपवलेलं मार्कशीटवर दिसतंच.

"तिन्ही शिफ्ट चालतील?" याला धाडकन "हो" म्हणू नका. "चालतील सर. रूम भोसरीला घेतोय, रात्रपाळीला कंपनीची बस आहे का?" असं म्हणा. जो बसचं विचारतो, तो खरंच कामावर यायचा विचार करतोय.

"तुला काही विचारायचंय का?" म्हटलं की गप्प बसू नका. विचारा: मी कुणाच्या रोलवर असणार? कंपनीच्या, ठेकेदाराच्या, की अप्रेंटिस म्हणून? या तिघांत जमीन अस्मानाचा फरक आहे. अप्रेंटिस १९६१ च्या कायद्याखाली घेतला असेल तर मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे, आणि त्यावर पीएफ लागत नाही. कामगार म्हणून घेतलं तर मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर साधारण १२ टक्के पीएफ कापतात, कंपनीही तेवढाच भरते. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर ०.७५ टक्के आणखी. म्हणून "पगार किती" यापेक्षा "कापून हातात किती" विचारा. यात लाजायचं काही नाही, एचआरवाल्याला रोज हेच विचारतात.

गेटबाहेर कुणी "ड्रेसचे, मेडिकलचे, फॉर्मचे पैसे भर, जॉइनिंग पक्कं" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. आधी आत जाऊन एचआरला विचारा, हा माणूस तुमचा आहे का.

पुढच्या व्हिडिओत मायक्रोमीटरचं रीडिंग कॅमेरा जवळ नेऊन दाखवतो. तुम्हाला मुलाखतीत आलेला अवघड प्रश्न खाली लिहा. कंपनीचं नाव नको, प्रश्न तेवढा द्या.