गाठीतला गुलाबी रंग

(ब्लेडखाली घेवड्याच्या मुळावरची गाठ)

बघा, आतून गुलाबी. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्या मुळावरची ही गाठ. मोहरीपेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यात रायझोबियम नावाचे जिवाणू ठासून भरलेत.

(पडवी. पितळी पातेलं)

पेरणीच्या दिवशी मावशींनी गुळाचं पाणी उकळलं आणि पूर्ण गार होऊ दिलं. पाकिटातल्या काळ्या भुकटीत हेच जिवाणू जिवंत असतात, गरम पाण्यात ते मरतात. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट. हलक्या हाताने चोळायचं, साल निघता कामा नये. मग सावलीत वाळवायचं. दुकानाच्या दारात ही पाकिटं उन्हात पडलेली दिसतात, तेव्हा जीव तुटतो.

(सूक्ष्मदर्शकाखाली)

हे रायझोबियम. लांबी साधारण दोन मायक्रॉन, एका मिलिमीटरात पाचशे ओळीने मावतील. केंद्रक नाही, तोंड नाही, विरघळलेलं अन्न पेशीच्या आवरणातूनच आत येतं. पोसला की जिवाणू लांबतो, डीएनएची दुसरी प्रत होते, मधोमध भिंत उभी राहते आणि एकाचे दोन होतात. यात आई कोण, लेक कोण, सांगता येत नाही.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू चांगलं अन्न आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. रायझोबियम सावकाश, तीन तास धरा. तरी आज सकाळच्या एकाचे उद्या सकाळी 256. नव्या जागी आधी थोडं थबकतात, मग दुपटीचा सपाटा, आणि अन्न संपलं की वाढ थांबते.

(साताऱ्यातल्या कॉलेजची प्रयोगशाळा. लाल थाळी)

काँगो रेड नावाचा रंग घातलेल्या या थाळीत इतर बरेच जिवाणू रंग पितात. रायझोबियमचे ठिपके पांढरे, चिकट राहतात.

(मुळावरचा केस, मोठा करून)

मूळ एक रसायन सोडतं, जिवाणू दुसऱ्या रसायनाने उत्तर देतो. मग केस छत्रीच्या दांड्यासारखा वळतो आणि त्याला कवेत घेतो. पण ओळख पटावी लागते: सोयाबीनचं पाकीट घेवड्याला चालत नाही.

(पुन्हा गाठ)

गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. हवेतला नत्र बांधणारं विकर प्राणवायूने बिघडतं, म्हणून लेगहिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरताच देतं. 1888 साली हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक यांनी गाठीतून हे जिवाणू वेगळे केले.

हे जिवाणू हवेतला नत्र बांधून पिकाला देतात, म्हणून युरिया कमी लागतो.

(संध्याकाळ. पाभर चालली आहे. मावशी ओंजळीने चाड्यात बी सोडताहेत.)