स्फुरद जागचा हलत नाही, मग भाताचं मूळ काय करतं?

नमस्कार मंडळी! ज्या जमिनीला आपण ‘स्फुरद कमी’ म्हणतो, तिथे बऱ्याचदा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतो, पण अडकून पडलेला. आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, चुनखडीच्या मातीत कॅल्शियम. नायट्रेट, म्हणजे मातीतलं विरघळलेलं नत्र, पाण्याबरोबर मुळापाशी वाहत येतं. फॉस्फेटचं, म्हणजे मूळ ज्या रूपात स्फुरद घेतं त्याचं, तसं नाही. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा एकदा रिता झाला की संपलं. आता मुळानंच पुढे सरकायचं.

हे चित्र बघा. मुळाच्या टोकाच्या जरा वर बारीक लव दिसतेय? हे मूलरोम. एकेक रोम म्हणजे मुळाच्या सालीतली एकच पेशी, बाहेर लांबलेली. स्फुरद कमी पडला की हे रोम आणखी लांब होतात. त्यांना वाढायला लावतं ऑक्सिन हे संप्रेरक. ते टोकापासून रोमांच्या पट्ट्यापर्यंत न्यायला ‘ओएस-ऑक्स-वन’ नावाचं प्रथिन लागतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे प्रथिन बनवणारं जनुक निकामी असलेली भाताची रोपं तपासली होती. स्फुरदाची टंचाई होती, तरी रोम काही लांबेनात! जाड मूळ वाढवण्यापेक्षा रोम फार स्वस्तात पडतात, म्हणून मला तरी ही युक्ती सगळ्यात हुशारीची वाटते.

शिवाय मूळ मातीत स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतं. ती मायकोरायझा बुरशीला, म्हणजे मुळांशी जोडून राहून त्यांना स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला, दिलेली हाक. गंमत म्हणजे हेच रसायन वर फुटवे रोखून धरतं. उपाशी भात फुटायला कंजुषी करतो, त्यामागे हेही एक कारण.

आता कासालाथ. हे भारतातलं जुनं, औस नावाच्या भाताच्या गटातलं वाण, कमी स्फुरदातही तग धरणारं. २०१२ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या गटानं त्यातलं ‘पीस्टॉल-वन’ हे जनुक हुडकलं. ज्या निप्पोनबारे वाणाचा जनुकसंच जगभर प्रमाण मानतात, त्यात ते नाहीच! म्हणजे फक्त प्रमाण संच चाळत बसलो असतो, तर हे हाती लागलंच नसतं.

हे जनुक स्फुरद ओढून आणत नाही बरं का. रोप कोवळं असतानाच ते मुळांचा पसारा वाढवतं, मग जास्त माती हाताशी येते. पण म्हणून खताला कायमची सुट्टी नाही. दाण्याबरोबर स्फुरद दर हंगामात शेताबाहेर जातो, आणि मूळ कितीही पसरलं तरी गेलेला स्फुरद ते परत आणू शकत नाही.