रिले पडला की गाडी थांबली पाहिजे

[दृश्य: वरून दिसणारा मॉडेल रेल्वेचा लेआउट, एकाच रुळावर तीन गाड्या]

तीन गाड्या, एकच रूळ. नॉबला कुणाचाही हात नाही. पुढची गाडी रेंगाळली की मागची आपोआप थांबते, वाट मोकळी झाली की निघते.

हा एचओ मापाचा लेआउट आहे: प्रमाण 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. टेबल 3.7 मीटर लांब आणि 1.1 मीटर रुंद. 45 सेंटिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं, 2.6 मीटरच्या दोन सरळ बाजू. फेरा साधारण आठ मीटरचा. त्याचे दोन-दोन मीटरचे चार ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच गाडी असावी असे भाग, केले आहेत. गाड्या तीनच, कारण चौथी ठेवली की सगळे ब्लॉक भरतात आणि कुणीच हलत नाही.

[दृश्य: रूळ कापणारी बारीक करवत, प्लास्टिकचा जॉइनर]

आतला रूळ सलग राहतो. बाहेरचा रूळ ब्लॉकच्या हद्दीवर कापून तिथे प्लास्टिकचा जॉइनर बसवायचा. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटाआधी 50 सेंटिमीटरवर आणखी एक काप. हा थांब्याचा तुकडा, आणि त्याची वीज पुढच्या ब्लॉकच्या रिलेमधून, म्हणजे कॉइलच्या विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, येते.

या तुकड्याच्या लांबीत कंजुषी करू नये. इंजिनाची वीज घेणारी सगळी चाकं आत येईपर्यंत त्याला मागच्या रुळातून वीज मिळत राहते. शिवाय फ्लायव्हील (मोटरवरचं जड चाक) असलेलं इंजिन वीज तुटल्यावरही घसरत जातं. ते हद्द ओलांडून गेलं, तर पुढच्या ब्लॉकची वीज त्याला मिळते आणि ते सरळ पुढच्या गाडीच्या शेपटावर आदळतं. दिव्यांचे डबेही घात करतात. दोन्ही बोगींतून (डब्याखालच्या चाकांच्या जोडगाड्यांतून) वीज घेणारा डबा कापावर आला, की तोच पूल होऊन बंद तुकड्यात वीज पोचवतो. अशा डब्याला कापलेल्या रुळाच्या बाजूने एकाच बोगीतून वीज घ्यावी.

[दृश्य: ब्रेडबोर्डवरचं सर्किट, जवळून]

आता ब्लॉकमध्ये गाडी आहे हे ओळखायचं कसं? ब्लॉकच्या वायरीत 1एन5401 हे तीन डायोड एकापुढे एक, आणि त्या तिघांना समांतर पीसी817 ऑप्टोकप्लरचा (आतल्या एलईडीच्या उजेडावर चालणाऱ्या स्विचचा) एलईडी, 220 ओहमच्या रेझिस्टरसह. डायोड दोनच ठेवले, तर हलका प्रवाह त्यांच्यातूनच निघून जातो आणि एलईडी पेटत नाही. तिघांवर मिळून दोन व्होल्टच्या आसपास दाब पडतो. 12 व्होल्टच्या पुरवठ्यातून इंजिनाला दहा उरतात, तेवढे पुरतात. इंजिन सहज ओळखू येतं, पण डबे वीज घेत नाहीत. म्हणून निदान शेवटच्या डब्याच्या एका आसावर 10 किलोओहमचा छोटा रेझिस्टर वीजवाहक रंगाने बसवायचा. त्यातून जाणारा मिलिअँपिअरभर प्रवाह पुरेसा असतो.

एक मेख इथे राहते. थांब्याच्या तुकड्याची वीज तोडली, की तिथे उभं असलेलं इंजिन डिटेक्टरला दिसेनासं होतं! म्हणून रिलेच्या कॉन्टॅक्टला समांतर एक किलोओहमचा रेझिस्टर द्यायचा. त्यातून जास्तीत जास्त 12 मिलिअँपिअर जातात. साधी मोटर त्यावर हलत नाही, गाडी मात्र दिसत राहते. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर सरकू लागली तर रेझिस्टरचे ओहम वाढवावेत.

[दृश्य: रिले, जवळून]

कॉइलला वीज मिळाली की रिले उचलतो, तुटली की पडतो. ब्लॉक भरला की रिले उचलावा, ही जोडणी अनेकांना आधी सुचते. ती धोक्याची आहे, कारण कॉइलची वायर सुटली तर ब्लॉक कायम मोकळा दिसतो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये ज्या ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं, त्यात उलटं आहे. रुळांतल्या प्रवाहावर रिले उचललेला असतो. गाडीची चाकं आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, काहीही झालं तरी तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. मुंबईत व्हीटी ते भायखळा मार्गावर 1928 मध्ये स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. गाडी दिसली की मागचा सिग्नल आपोआप लाल, हाच त्यांचाही नियम.

टेबलावरही तेच करायचं. 2एन7000 मॉस्फेटच्या (गेटवरच्या दाबाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटला 12 व्होल्टवरून 100 किलोओहम. ब्लॉक मोकळा असताना तो रिले उचलून धरतो आणि मागच्या तुकड्याला वीज मिळते. गाडी आली की ऑप्टोकप्लर गेट खाली ओढतो, रिले पडतो. कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड हवाच.

तरीही मळलेलं चाक क्षणभर संपर्क सोडतं, आणि तेवढ्यात ब्लॉक मोकळा दिसतो. गेट आणि ग्राउंडमध्ये 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, की रिले उचलायला एक ते तीन सेकंद लागतात. पडायला मात्र क्षणभरच. ही ढील रूळ साफ ठेवण्याला पर्याय नाही; आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसत राहावी लागतात.

[दृश्य: गाड्या एकेका ब्लॉकमध्ये ठेवणारे हात]

सुरुवातीला प्रत्येक गाडी वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा. आधी रिलेंचा पुरवठा, मग रुळांचा. गाड्या फिरू लागल्या की एकेका रिलेच्या कॉइलची वायर मुद्दाम सोडवा. मागची गाडी तिच्या तुकड्यात उभी राहिली पाहिजे. राहिली नाही, तर त्या रिलेचा कॉन्टॅक्ट उलटा जोडला गेला आहे.