पिंजऱ्यात उतरताय? आधी शिशाचं बोलू

नमस्कार मंडळी! नेपच्यून बेटांजवळ पिंजऱ्यातून शार्क बघण्याच्या माझ्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न: "ताई, शार्कने पिंजरा तोडला तर?" सांगते. पण आधी हे बघा.

(शिशाचा पट्टा दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर)

हे शिसं, पाण्यात वर तरंगू नये म्हणून अंगाला बांधायचं वजन. याच्याबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून आज मी तुम्हाला कंटाळा येईपर्यंत याच्यावरच बोलणार.

बाकीची माहिती पटापट. जागा दक्षिण ऑस्ट्रेलियातली. अ‍ॅडलेडहून विमानाने पोर्ट लिंकन, तिथून बोट. पुढचे दोन-तीन दिवस खाणं, झोपणं, उलट्या, सगळं त्याच बोटीवर. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर नाही. बेटांवर फर सीलची मोठी वसाहत आहे, म्हणून ग्रेट व्हाइट शार्क तिथे येतात. त्यांना बोटीजवळ आणायला ट्यूना मासा वापरतात. एक बोट तर आमिष न टाकता पाण्याखाली रॉक संगीत लावते, कारण खालच्या पट्टीतले आवाज शार्कला लांबून कळतात. मेक्सिकोतल्या ग्वादालूपे बेटाचं विचारणाऱ्यांनो, तिथलं केज डायव्हिंग सरकारने जानेवारी २०२३ मध्ये बंद केलं. आणि हो, पाण्यात वरच राहणाऱ्या पिंजऱ्यासाठी डायव्हिंगचं सर्टिफिकेट लागत नाही, हवा बोटीवरून नळीने येते. समुद्राच्या तळावर जाणाऱ्या पिंजऱ्यासाठी लागतं.

झालं. आता शिसं.

पाणी गार, म्हणून अंगात जाड वेटसूट. सूटच्या रबरात, म्हणजे निओप्रीनमध्ये, बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे सूट तुम्हाला वर खेचतो. पायात फिन्स, म्हणजे पोहायचे पंखे, नाहीत, कारण इथे पोहायचंच नाहीये. पिंजऱ्याच्या तळाशी पाय रोवून उभं राहायचंय. म्हणून नेहमीच्या डाइव्हपेक्षा जास्त शिसं बांधतात. बोटीवर ते खांद्यांना आणि कमरेला रुततं, आणि लोक हमखास म्हणतात, "थोडं कमी करा ना." नका करू! पाण्यात गेल्यावर तेच तुमचे पाय जागेवर ठेवणार आहे.

आता हेच दुसऱ्या बाजूने. शिसं बरोबर आहे, तरी माणूस तरंगतो. का? शार्क दिसला की छाती फुगवून श्वास धरतो. दोन-तीन लिटर हवा जास्तीची आत घेतली, की दोन-तीन किलोचा जोर वर ढकलायला लागतो. बांधलेल्या शिशातलं तेवढं शिसं फुकट गेलं ना! वर, दाबाची हवा घेताना श्वास रोखून वर येणं फुप्फुसांना धोक्याचं, कमी खोलीवरसुद्धा. त्यामुळे श्वास सावकाश सोडा. लांब सोडा. बुडबुडे दिसले पाहिजेत.

तिसरी बाजू, आणि माझं खरं भांडण इथे आहे. तरंगायला लागलेला माणूस काय करतो? समोरची सळई पकडतो. बोटं कुठे गेली? पिंजऱ्याबाहेर! माझ्या शेजारी एक पुण्याचे काका होते. डोकं वरच्या जाळीला टेकलेलं, दोन्ही मुठी सळयांभोवती, आणि नजर समोरच्या आमिषावर. मोठी मादी आली ती डावीकडून, खालून, काकांच्या कोपराजवळून. काकांना पत्ताच नाही. मी त्यांचा दंड धरून खाली ओढलं. वर आल्यावर म्हणाले, "शार्क आलाच नाही हो." ग्रेट व्हाइटची पाठ काळसर असते, वरून पाहिलं तर खोल पाण्यात मिसळून जाते. नुसतं आमिषाकडे बघत बसलात तर चुकणारच. पाय जमिनीला असले तर मान फिरवता येते. आधी शिसं, मग श्वास, मग बोटं आत. आत धरायला वेगळा दांडा असतो, तो धरा.

कमेंटमध्ये एक दादा लिहितात, "आम्ही तारकर्लीला स्कूबा केलंय, आम्हाला नका शिकवू." दादा, तारकर्लीला इन्स्ट्रक्टर मागून तुमचा सिलिंडर धरून असतो. वर-खाली तो करत असतो, तुम्ही मासे बघत असता. पिंजऱ्यात मागून धरायला कोणी नाही. सेल्फी स्टिकवाल्यांबद्दल तर मी बोलतच नाही. एवढ्या लांबून येऊन काठी सळयांबाहेर काढायची, कशासाठी? रील्ससाठी!

बरं, पिंजरा तुटण्याचं. २०१६ मध्ये ग्वादालूपेला एक शार्क खरंच पिंजऱ्यात घुसला होता. तो माणसावर धावून गेला नव्हता, आमिषावर झेपावला होता. चावा घेताना ग्रेट व्हाइट डोळे मागे फिरवतो, म्हणजे त्या क्षणी त्याला दिसतच नाही. आणि शार्कला मागे मागे पोहता येत नाही, त्यामुळे अडकल्यावर तो धडपडत पुढेच घुसला. आतला डायव्हर सुखरूप बाहेर आला. म्हणून आमिष पिंजऱ्याच्या दिशेने ओढणारी बोट दिसली, तर तिथे पैसे देऊ नका. सळई चावणारा शार्क मात्र दिसेल, त्याला घाबरू नका. खाऱ्या पाण्यात धातूभोवती बारीक वीज तयार होते, ती त्याच्या नाकाला कळते, म्हणून तो तोंड लावून बघतो.

या पिंजऱ्यामागचा माणूस रॉडनी फॉक्स. १९६३ मध्ये अ‍ॅडलेडजवळ मासे मारण्याच्या स्पर्धेत ग्रेट व्हाइटने त्यांना धरलं, साडेचारशेच्या वर टाके पडले. नंतर प्राणिसंग्रहालयात सिंहांचे पिंजरे बघून त्यांना सुचलं, की इथे माणसालाच आत ठेवावं. शार्कवर सूड उगवायचं सोडून हा माणूस आयुष्यभर लोकांना शार्क दाखवत राहिला.

मालवणहून एक ताई विचारतात, "एवढा खर्च करून बघायचा, आमच्याकडे मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण करतात." खा की! पण ती मोरी हातभर, आणि ही मादी पाच मीटरची.

कधी जायचं? मोठ्या माद्या बघायच्या तर मे ते ऑगस्ट. तेव्हा तिथे हिवाळा, सीलची पिल्लं पाण्यात उतरायला लागलेली असतात. थंडी सोसत नसेल तर उन्हाळ्यात जा, नर दिसतील, थोडे लहान. थंडीत गेलात तर सूट आणखी जाड, म्हणजे शिसं आणखी जास्त. ते कमी करा म्हणालात, तर खाली कमेंटमध्ये मी आहेच.