जॉन यंग: यानाच्या पोटाखाली शिरलेला माणूस

१४ एप्रिल १९८१. कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ. कोरड्या पडलेल्या तळ्याच्या सपाट मातीवर ‘कोलंबिया’ हे स्पेस शटल उतरून थांबलंय. दार उघडतं. पन्नास वर्षांचा एक माणूस जिना उतरतो आणि तरातरा चालत थेट यानाच्या पोटाखाली शिरतो. मान वर करून उष्णतेपासून यानाचा बचाव करणाऱ्या टाइल्स न्याहाळतो, वाकून चाकं बघतो, हवेत मुठी उडवतो. एरवी मोजकं आणि सावकाश बोलणारे जॉन यंग आज एका जागी उभेच राहू शकत नाहीत.

हा आनंद समजायचा तर दोन दिवस मागे जावं लागेल. त्याआधी अमेरिकेचं प्रत्येक अंतराळयान माणसांशिवाय उडवून पाहिलेलं होतं. शटलच्या बाबतीत तशी सोय नव्हती. यान पहिल्यांदाच अवकाशात निघालं, ते यंग आणि रॉबर्ट क्रिपेन या दोघांना घेऊनच. वर पोहोचल्यावर मालवाहू कक्षाची दारं उघडली, तेव्हा मागच्या इंजिनांच्या आवरणावर काळे चौकोन दिसले. टाइल्स गळून पडल्या होत्या. पोटाखालच्या टाइल्स जागेवर आहेत की नाहीत, हे आतून दिसणं शक्य नव्हतं, आणि परतीच्या वाटेवर बराचसा ताप पोटालाच सोसायचा होता.

म्हणून ते उतरल्याउतरल्या आधी तिथे गेले.

चाचणी वैमानिकाचं काम म्हणजे निधड्या छातीनं झेप घेणं, असं आपल्याला वाटतं. यंग यांचं आयुष्य पाहिलं की कळतं, या कामात खरा कस लागतो तो शंका काढण्याचा. हे कुठे तुटेल? तुटलं तर पुढे काय? उत्तर मिळेपर्यंत ते विचारत राहायचे.

जन्म २४ सप्टेंबर १९३०, सॅन फ्रान्सिस्को. बालपण फ्लोरिडातल्या ऑरलँडोत. जॉर्जिया टेकमधून १९५२ साली एरोनॉटिकल इंजिनिअर झाले आणि नौदलात गेले. आधी युद्धनौका, मग लढाऊ विमानं, आणि मग पॅटक्सेंट रिव्हर इथली नौदलाची चाचणी वैमानिकांची शाळा. १९६२ मध्ये त्यांनी फँटम विमान धावपट्टीवरून ३,००० मीटर उंचीवर नेलं, अवघ्या ३४.५२ सेकंदांत. २५,००० मीटर गाठायला त्यांना चार मिनिटंही लागली नाहीत. दोन्ही जागतिक विक्रम. त्याच सप्टेंबरात नासानं त्यांना अंतराळवीर म्हणून निवडलं.

१९६५ मध्ये गस ग्रिसम यांच्याबरोबर जेमिनी ३ यानातून अंतराळात. या उड्डाणात यंग यांनी खिशातून सँडविच बाहेर काढलं आणि त्याचे कण यानात तरंगायला लागले. त्यावरून पुढे बराच गदारोळ झाला. खरं तर आपली कक्षा स्वतः बदलणारं हे पहिलंच मानवयुक्त यान होतं, आणि ती गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९६६ मध्ये जेमिनी १०. १९६९ मध्ये अपोलो १०: दोन सहकारी चंद्राच्या पृष्ठभागाजवळ जाऊन येत असताना यंग वर एकटेच चंद्राला फेऱ्या मारत होते. तसं करणारे ते पहिले.

एप्रिल १९७२. अपोलो १६. चार्ली ड्यूक आणि यंग चंद्रावरच्या डेकार्टच्या पठारावर उतरले आणि ७१ तास राहिले. इथलं एक दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे: जड पोशाखात यंग उंच उडी मारतात आणि हवेत असतानाच ध्वजाला सलामी देतात. दुसरं दृश्य कमी दाखवलं जातं. उपकरणं मांडताना त्यांच्या पायात एक केबल अडकली आणि तुटली. चंद्राच्या पोटातली उष्णता मोजायचा प्रयोग तिथेच संपला. फुगलेल्या पोशाखात स्वतःची पावलं दिसत नाहीत, केबल अडकल्याचं पायाला जाणवतही नाही. यंग यांनी रेडिओवरून लगेच माफी मागितली. मला उडीपेक्षा हा क्षण जास्त जवळचा वाटतो.

१९८३ मध्ये ते पुन्हा कोलंबियात होते, सहा जणांचे कमांडर म्हणून. पृथ्वीवर परतायच्या तयारीत असताना एक संगणक बंद पडला, पाठोपाठ दुसरा. यंग यांनी घाई केली नाही. उतरणं सुमारे आठ तास पुढे ढकललं गेलं. त्या वेळी आपले पाय लटपटत होते, हे त्यांनी नंतर मोकळेपणानं सांगितलं.

२८ जानेवारी १९८६. चॅलेंजर या शटलचा उड्डाणातच अपघात झाला. सात जण गेले. यंग तेव्हा अंतराळवीर विभागाचे प्रमुख होते. गेलेले त्यांचे सहकारी होते. शटलला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कडीवर सगळ्यांचं बोट होतं. यंग यांनी कार्यालयीन पत्रांतून शटलमधले इतर धोकेही एकामागून एक मांडले, आणि वेळापत्रकाच्या दबावाखाली सुरक्षिततेत तडजोड होतेय असं स्पष्ट लिहिलं. ही पत्रं बाहेर फुटली. १९८७ मध्ये त्यांना प्रमुखपदावरून हलवून सुरक्षा आणि अभियांत्रिकीचे सल्लागार केलं गेलं. हबल दुर्बीण अवकाशात नेणाऱ्या मोहिमेचे कमांडर म्हणून त्यांचं नाव ठरलं होतं. ते उड्डाण त्यांच्या हातून गेलं, आणि त्यानंतर ते कधीच अवकाशात गेले नाहीत. पत्रं लिहिणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

१ फेब्रुवारी २००३. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना कोलंबियाचे तुकडे झाले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा डाव्या पंखाच्या उष्णतारोधक कडेवर आदळला होता. बावीस वर्षांपूर्वी ज्या यानाखाली उभं राहून यंग यांनी टाइल्स तपासल्या होत्या, तेच हे यान. यंग तेव्हा बहात्तर वर्षांचे होते आणि अजूनही ह्यूस्टनमध्ये रोज कामावर येत होते.

३१ डिसेंबर २००४ ला, नासात बेचाळीस वर्षं काढून, ते निवृत्त झाले.