एकाच बाजूची दारं

श्रोतेहो, नमस्कार. आज वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेबद्दल बोलू. लांबी जेमतेम सात मैल, रुळांमधलं अंतर सव्वादोन फूट.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी ब्रिन एग्लुइसच्या स्लेटच्या खाणीत पैसा घातला. छपरावर घालायची ही स्लेट तोवर घोड्यांच्या पाठीवरून डोंगर उतरायची. १८६५ साली संसदेने कायदा करून वाफेच्या गाडीला परवानगी दिली. माल आणि प्रवासी, दोन्हींसाठी.

आता खरी गंमत. १८६६ साली सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर लाइन तपासायला आले. इंजिनं दोन. एक वरखाली उसळतं, दुसरं डावीउजवीकडे डुलतं, असा शेरा पडला. ते दुरुस्त होण्यासारखं होतं. पण पुलांचं काय? लाइनवरून जाणाऱ्या रस्त्यांच्या पुलांखाली रुंदी नऊ फूट, डबा सव्वापाच फूट. दोन्ही अंगांना उरले दोन-दोन फुटांहूनही कमी. नियम अडीच फुटांचा. गाडी पुलाखालीच अडली, तर माणसाने उतरायचं कसं?

पूल पाडून नवे बांधायचे, तर खर्च केवढा! डबे अरुंद करायचे, तर बसायचं कुठे! कंपनीने पुलांना हात लावला नाही. पुलाखालचे रूळच एका अंगाला सरकवले. दुसऱ्या अंगाला आपोआप अडीच फूट मोकळे झाले. आणि भिंत जवळ आली त्या बाजूची दारं कायमची बंद. लक्षात आलं ना? रूळ सरकवले, दारं बंद केली, नियम पाळला. १८६६ संपायच्या आत प्रवासी गाडीत बसलेही. आजही तिथे दारं एकाच बाजूला, फलाटही त्याच बाजूला. माझं ऐकाल तर, इंजिनिअरिंगच्या पोरांना मोठमोठ्या धरणांआधी हा पूल शिकवावा. आणि अशा लाइनला कुणी 'खेळण्यातली गाडी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. खाणीतल्या माणसाची रोजीरोटी होती ती.

पुढचं भराभर सांगतो. १९११ साली तिथले खासदार हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे विकत घेतली. १९४६ च्या डिसेंबरात खाण कोसळली, बंद पडली. गाडी मात्र त्यांनी पदरमोड करून चालू ठेवली. सरकारने ब्रिटनमधल्या जवळजवळ साऱ्या रेल्वे ताब्यात घेतल्या, मोजक्याच राहिल्या, त्यांत ही एक. १९५० साली जोन्स वारले. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅमला सभा भरवून संस्था काढली. मे १९५१ पासून स्वयंसेवक गाडी चालवू लागले. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. रूळ तर इतके झिजलेले, की त्यांना जागच्या जागी धरून ठेवलं होतं ते मधे माजलेल्या गवतानं!