भाऊसिंगजी रोडवरचा चहा

श्रोतेहो, नमस्कार.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील आणि खंडोबा तालीम भिडल्या की काय होतं, ते कोल्हापूरकराला सांगायला नको. हलगी, झेंडे, एखाद्या फाउलवरून उठलेला कल्लोळ. पण पुढच्या हंगामात तोच खेळाडू दुसऱ्या तालमीकडून उतरला, की काल त्याला शिव्या देणारेच त्याला खांद्यावर घेतात. पोरगा तोच, बदलला फक्त शर्ट.

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास ब्रिस्टॉलमध्ये शाळकरी मुलांचे असेच नावापुरते दोन गट पाडले आणि त्यांना पैसे वाटायला लावले. आपल्या गटाला थोडे कमी पडले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा जास्त हवेत, याकडे मुलांचा कल दिसला. मला हे फार खुपतं. स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याला खाली ठेवायचं!

तरी स्टेडियमवरची ईर्षा मिसळ खाईपर्यंत विरते, कारण एका पेठेचं पाणी किंवा नोकरी दुसऱ्या पेठेच्या हातात नसते. जिथं ती दुसऱ्याच्या हातात असते, तिथं गोष्ट वेगळी.

विसावं शतक उजाडायच्या सुमारास पंचगंगेवर स्नानाच्या वेळी खुद्द शाहू महाराजांसाठी पुरोहितानं वेदोक्त म्हणजे वेदांतले मंत्र म्हटले नाहीत, शूद्रांसाठी म्हणतात ते पुराणोक्त म्हटले. छत्रपती असूनही ते शूद्र ठरवले गेले. मराठा समाजाला तो अपमान जिव्हारी लागला. आणि पुढं काय झालं? राजवाड्यातल्या गंगाराम कांबळे या दलित नोकरानं पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारलं, ते मराठा नोकरांनीच. वरून बसलेला घाव माणूस खाली उतरवतो. आपली पायरी सुटेल ही भीती त्याला निर्दय करते.

महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यानं मनं बदलत नाहीत, हे ते ओळखून होते. संस्थानातल्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम त्यांनी २६ जुलै १९०२ रोजीच काढला होता. आता गंगारामना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, तिथं थांबू लागला. ते स्वतः चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे.

पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, त्या हातचा कप आता त्यांच्या ओठांपाशी होता. समोर महाराज बसलेले, आणि नको म्हणायची सोय नव्हती.